प्रार्थनेचा विषय

"…आणि हे प्रेमळ बापा, आता एक नाजूक विषय तुझ्या चरणांशी आणते. मी नाव घेत नाही. तुला सगळं ठाऊक आहे."

नलूमावशीनं आवाज खाली आणला. तिचा आवाज खाली आला की सतरंजीवरच्या बायका जरा पुढं सरकायच्या, डोळे मिटलेलेच ठेवून. सतरंजी आमच्याच घरची. महिला मंडळाची गुरुवारची प्रार्थना पाळीपाळीनं एकेकीच्या घरी व्हायची आणि त्या गुरुवारी पाळी आईची होती. मे महिना. वरची कौलं तापून आत भट्टी झालेली. स्वयंपाकघरात माझी धाकटी बहीण सुहास चहा गाळत होती, त्याचा वास येत होता.

"बापा, आपल्या मंडळीतली एक तरुण लेक आहे. लग्न ठरलंय तिचं. पण पोटातलं ओझं दवाखान्यात उतरवून आता ती पांढरी साडी नेसायला निघालीय. त्या निष्पाप रक्ताचा दोष तिच्यावर ठेवू नकोस. आणि ज्या भल्या घरात ती चाललीय, त्या घराचे डोळे वेळेत उघड. येशूच्या नावानं मागते—"

"आमेन!" सगळ्यांत मोठ्यानं आई म्हणाली.

मी डोळे उघडले. मी सोलापूरला दिलेली, सुहासच्या लग्नासाठी आदल्या दिवशीच आलेली. मला काही माहीत नव्हतं. पण त्या क्षणी कळलं, कारण सगळ्या बायका स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत होत्या. दारात ट्रे घेऊन सुहास उभी होती. कपातला चहा हलत होता, ती हलत नव्हती.

बायकांत एक ओहोळमावशीही होती. सुहासची होणारी सासू. ती सतरंजीची दशी ओढत बसली होती.

आणि आमची आई? तिनं पदरानं डोळे पुसले. खरोखर पाणी आलं होतं तिला. ती म्हणाली, "कुणाची गं पोर ती, नले? बोर्डिंगातली आहे का? बिचारी."

"देवाला ठाऊक, सगुणे," नलूमावशी म्हणाली आणि सुहासच्या ट्रेमधला कप उचलला. एक घोट घेतला. "साखर कमी झाली गं सुहास."

*

आमचं मिशन कंपाउंड म्हणजे एक चर्च, एक दवाखाना, मुलींचं बोर्डिंग आणि कडुलिंबाखाली कौलारू घरांच्या दोन ओळी. सगळे एकमेकांना सलाम करणारे, सगळे एकमेकांच्या चुलीवर काय शिजतंय ते ओळखणारे. उघड उघड कुटाळक्या करायची आमच्यात बंदी होती. चांगल्या ख्रिस्ती माणसानं ते करायचं नसतं, हे लहानपणापासून डोक्यात हाणलेलं. पण प्रार्थनेला बंदी नव्हती. म्हणून आमच्यात जे काही सांगायचं ते देवाला सांगायचं आणि बाकीच्यांनी ते ऐकायचं. अमक्याचा नवरा पितो, त्याच्यासाठी प्रार्थना करा. तमकीच्या पोराला शाळेतनं काढला, प्रार्थना करा. जी बाई नळावर तोंड उघडायला घाबरेल, ती डोळे मिटले की शेजारणीची लक्तरं देवापुढं सोडून दाखवायची. आणि प्रार्थना चालू असताना मध्ये बोलायचं नाही, हाही नियमच. तिथं कुणी म्हणू शकत नव्हतं, बाई, तू खोटं बोलतेयस.

नलूमावशी त्यातली मुकादम. नलिनी भिंगारदिवे. महिला मंडळाची अध्यक्ष, नवरा चर्चच्या पंच कमिटीत. नळाच्या पाण्यावरनं, चर्चमधल्या बाकावरनं, नाताळच्या नाटकात मरीयेचं सोंग कुणाच्या पोरीला द्यायचं त्यावरनं तिनं किती घरांत वितुष्ट आणलं असेल, त्याचा हिशेब नाही. लोक मला अजून विचारतात, सुहासचं वाटोळं करून तिचा काय फायदा होता? तिच्या भाचीला तो मुलगा हवा होता का? जुनं वैर होतं का? काही नव्हतं. फायदा लागत नाही ह्याला. दुसऱ्या कुणाकडं नसलेली बातमी आपल्याकडं आहे, एवढी चव पुरते. हे लोकांना पटत नाही, कारण मग त्यांनाही आपापल्या जिभेकडं बघावं लागेल.

बायका गेल्या. आई सतरंजीची घडी करत होती. सुहास कप विसळत होती. मी कडी लावली आणि विचारलं, "सुहास, हे काय आहे?"

"दहा-बारा दिवस चाललंय," ती म्हणाली. पाठमोरीच. "पहिला पुकारा झाला तेव्हापासून."

आमच्यात लग्न ठरलं की तीन रविवार चर्चमध्ये त्याचा पुकारा होतो. पाळकसाहेब नावं वाचतात आणि विचारतात, ह्या विवाहास कोणाची हरकत असल्यास सांगावी. दोन रविवारी वाचून झालं होतं. तिसरा येत्या रविवारी होता. त्यानंतरच्या शनिवारी लग्न.

"कशाबद्दल बोलताय तुम्ही?" आई म्हणाली.

"आई, ती पोर मी आहे," सुहास म्हणाली.

आईनं सतरंजी खाली ठेवली.

खरं काय ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. फेब्रुवारीत सुहासच्या पोटात दुखायला लागलं होतं. मिशनच्या दवाखान्यात तपासलं, तर ओव्हरीवर गाठ. गाठीसकट एक ओव्हरी काढावी लागली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, दुसरी शाबूत आहे, मूल होऊ शकतं, पण खात्री कुणी देऊ नये. मला सोलापूरला कळवलं नाही, कारण तेव्हा माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. ही सगळी हकीकत. ह्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, पण चव्हाट्यावर मांडण्यासारखंही नव्हतं.

"मग हिला कुणी सांगितलं? डॉक्टरीणबाई बोलणाऱ्यातल्या नाहीत."

आई मोरीच्या कट्ट्यावर बसली. "मी सांगितलं," ती म्हणाली. "नलीला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. दुसरं कोण होतं मला? बोर्डिंगात एका ताटात जेवलोय आम्ही. म्हटलं, नले, पोरीच्या पोटात गाठ आहे, कुणाला सांगू नको, फक्त प्रार्थना कर."

सुहासनं हातातला कप पालथा घातला.

"आणि मी आत्ता आमेन म्हणाले," आई म्हणाली. "माझ्याच लेकीवर. सगळ्यांत मोठ्यानं."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नलूमावशीच्या दारात. धर्म काय सांगतो? कुणी तुझा अपराध केला तर आधी त्याच्याकडं एकटी जा, चारचौघांत जाऊ नको. गेले. अंगणात बाजेवर कुरडया वाळत होत्या आणि ती कावळे हाकत बसली होती.

"सलाम मावशी."

"सलाम बाई, ये. सोलापूरचं पाणी मानवलं तुला. चांगलं अंग धरलंयस."

"काल सुहासबद्दल जे बोललीस—"

"मी? नाव घेतलं का मी कुणाचं?"

"ह्या महिन्यात मंडळीत दुसरं लग्न कुणाचं आहे?"

"ते तू म्हणतेस. मी नाही म्हटलं. मी देवाशी बोलत होते. तू मध्ये कान घातलास, तो दोष तुझा."

"आईनं तुला गाठ सांगितली होती. गाठीचं पोट पाडणं कधी झालं?"

तिनं एक कुरडई उलटली. "रिबके, मी तुझ्या आईएवढी. जग बघितलंय. लग्नाआधी पोरीच्या पोटात गाठ निघते, रातोरात ऑपरेशन होतं, आई म्हणते कुणाला सांगू नको. मी काय कुकुलं बाळ आहे? आणि मी तर वाईट चिंतलंच नाही. क्षमाच मागितली तिच्यासाठी."

"न केलेल्या पापाची?"

"आत्म्यानं माझ्यावर भार टाकला."

"आत्मा पोट पाडल्याच्या बातम्या घेऊन फिरतो का गं घरोघर? आणि नेमका तुझ्याच ओट्यावर उतरतो?"

"तोंड सांभाळ!" ती उठली. आता तिचा आवाज प्रार्थनेतला राहिला नव्हता. शेजारच्या खिडक्या उघडल्या. "मोठी आली मला शिकवायला! तुझा बाप मेला तेव्हा तुमच्या घरी भाकरी कुणी पाठवल्या? विचार आईला! उपकाराची फेड ही?"

"त्या भाकरीसाठी आजपर्यंत आई तुझे पाय धुतेय मावशी. पण लेक नाही देणार धुवायला."

"चालती हो!"

"जाते. पण येत्या गुरुवारी तू परत डोळे मिटशील, तेव्हा मी तुझ्यासमोर बसलेली असेन. उघड्या डोळ्यांनी."

मी निघाले, तर मागून तिचं सुरू झालं: "बघा गं बायांनो, बघा! ह्या घराचा गर्व बघा! प्रार्थना करा ह्यांच्यासाठी!"

तिथनं सरळ पाळकसाहेबांकडं. शिरसाठ पाळक तसा माणूस वाईट नव्हता. भित्रा होता. पंच कमिटीनं ठेवलं तर राहायचं, नाही तर बदली, आणि कमिटीत भिंगारदिवे. मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बाई, फार वाईट झालं. फार वाईट. आपण ह्या विषयावर प्रार्थना करू या."

"नको पाळकसाहेब. प्रार्थनेनंच घात केलाय. तुम्ही बोला. रविवारी उभं राहून सांगा की हे खोटं आहे."

"असं जाहीर बोलल्यानं आणखी फाटे फुटतात. माझा सल्ला ऐका. शांत राहा. सत्य आपोआप वर येतं."

"आपोआप काय वर येतं माहीत आहे का साहेब? मेलेलं जनावर. विहिरीत."

पाळकीणबाई आतनं सरबत घेऊन आल्या. मी घेतलं नाही.

*

शनिवारी संध्याकाळी सुधाकर आला. सुधाकर ओहोळ, नवरा मुलगा. हायस्कुलात गणित शिकवायचा. सायकल कडुलिंबाला टेकवून त्यानं चप्पल बाहेर काढली, नीट जोडून ठेवली. सगळं नीट करणारा मुलगा. आईला सलाम केला, मला केला.

"रिबकाताई, माझा विश्वास आहे हो सुहासवर," तो म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं. "पण आमच्या आईचं तुम्हाला माहीत आहे. ती म्हणते, डॉक्टरीणबाईंनी घरी येऊन दोन शब्द सांगितले असते, तर चार लोकांची तोंडं…"

"म्हणजे सुहासनं साक्षीदार आणायचा?" मी म्हटलं. "मास्तर, तुमच्याविषयी कुणी काही उठवलं असतं, तर तुम्हाला कुठल्या डॉक्टरला दाखवलं असतं?"

"ताई, गप्प बस," सुहास म्हणाली.

मी तिच्याकडं बघतच राहिले. ती उंबऱ्याशी बसून लग्नाच्या साडीला फॉल लावत होती. मान वर न करता तिनं त्याला विचारलं, "तू काय सांगितलंस आईला?"

"मी काय सांगणार? मी मध्ये पडलो तर वाढेल."

"नलूमावशीला? तुझ्या काकांना?"

"सुहास, समजून घे ना. मी बोललो तर लोक म्हणणार, बायकोचा आत्तापासनंच गुलाम. उद्या तिसरा पुकारा होऊन जाऊ दे. लोक विसरतात."

"म्हणजे तू कुणालाच काही बोलला नाहीस."

"मी शांत राहिलो."

सुई थांबली. सुहासनं त्याच्याकडं बघितलं. मग दातानं दोरा तोडला. "चहा घेऊन जा," ती म्हणाली.

तो चहा पिऊन गेला. मला असा संताप आला होता की भांडी आपटत होते मी. "त्याला चहा पाजतेस? जोडा हाणायचा सोडून?" ती साडीची घडी घालत होती. घडी घालून तिनं ती पेटीत ठेवली आणि पेटी खाटेखाली ढकलली. मला वाटलं पोरगी हरली. मला वाटलं, आता ही आयुष्यभर त्या घरात मान खाली घालून पोळ्या लाटणार आणि दर गुरुवारी तिच्यावर प्रार्थना होणार.

आई त्या दिवसभर बोलली नव्हती. फक्त दिवे लागायच्या वेळी म्हणाली, "सुहास, उद्या चर्चला नाही आलीस तरी चालेल गं."

"येणार," सुहास म्हणाली.

*

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. एरवी मे महिन्यात पंख्याखालच्या जागा सोडून कुणी बसत नाही, त्या दिवशी भिंतीला लोक उभे. तमाशाला दवंडी लागत नाही. डावीकडं बायका, उजवीकडं पुरुष. आम्ही तिघी मधल्या बाकावर, आमच्या नेहमीच्या. आमच्या पुढच्या बाकावर नलूमावशी, केसांत मोगरा. पलीकडं पुरुषांत सुधाकर, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून.

गाणी झाली, पाप कबूल करायची प्रार्थना झाली. सगळ्यांनी एका सुरात कबूल केलं की आम्ही विचारानं, शब्दानं आणि कृतीनं पाप केलं आहे. शब्दानं म्हणताना नलूमावशीचा आवाज सगळ्यांच्या वर होता. मी मुद्दाम ऐकत नव्हते, कानांवर आदळत होता.

मग पाळकसाहेबांनी कागद हातात घेतला. घाम पुसला.

"सुधाकर यशवंत ओहोळ आणि सुहास दानियेल पगारे यांच्या विवाहाचा हा तिसरा आणि शेवटचा पुकारा आहे. कोणास काही हरकत असल्यास आताच सांगावी."

गेले दोन रविवार हे वाक्य नुसतं वाऱ्यावर गेलं होतं. आज भिंतीला उभे असलेलेसुद्धा पुढं सरकले. पुढच्या बाकावर नलूमावशीची पाठ ताठ झाली. ती बोलणार नव्हती, ती कधीच उघड बोलायची नाही. ती वाट बघत होती की आपण पेरलेलं दुसऱ्या कुणाच्या तोंडून उगवतंय का.

माझ्या शेजारी पदराची सळसळ झाली. सुहास उभी राहिली होती.

"माझी हरकत आहे," ती म्हणाली.

पाळकसाहेबांना कळेना. "सुहास, तू… तू वधू आहेस."

"वधूला हरकत घेता येत नाही असं कुठं लिहिलंय, साहेब?"

उभ्या लोकांत कुणीतरी फिस्सकन हसलं. तिनं तिकडं बघितलंही नाही. ती मोठ्यानं बोलत नव्हती, पण मागं भिंतीपर्यंत ऐकू जात होतं.

"फेब्रुवारीत माझ्या ओव्हरीवर गाठ निघाली. लिंबाएवढी. ती काढली, ओव्हरीपण काढली. मूल होईल, नाही तर नाही होणार. एवढंच झालंय. तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केलीत, म्हणून तुम्हाला सांगतेय. निदान पुढच्या वेळी खरं सांगून करा."

"सुहास, बाळा, खाली बस," पाळकसाहेब म्हणाले.

"हरकत राहिली, साहेब. माझी हरकत नलूमावशीवर नाही. ती जे करते ते ती माझ्या जन्माआधीपासून करतेय आणि तुम्ही सगळे ऐकताय." ती पुरुषांच्या बाजूला वळली. "माझी हरकत सुधाकरवर आहे. त्याला सगळं माहीत होतं. साखरपुड्याच्या आधी मी त्याला सांगितलं होतं, दवाखान्याच्या पायरीवर. गाठ सांगितली, मूल होणार नाही असंही होईल म्हणून सांगितलं. तो म्हणाला, चालेल. मला वाटलं केवढा मोठा माणूस! आणि पहिल्या पुकाऱ्यापासनं हे सगळं त्याच्या कानांवरनं जातंय. त्याच्या घरात बोलणं होतं, त्याच्या शाळेत होतं. एक वाक्य बोलायचं होतं त्याला. 'मला माहीत आहे, ते खोटं आहे.' एवढं. तो काल आमच्या घरी आला आणि म्हणाला डॉक्टरणीला बोलवा."

त्याला माहीत होतं. काल चप्पल नीट जोडून ठेवून आमच्या ओट्यावर बसून चहा पिणाऱ्याला सगळं माहीत होतं. माझा तीन दिवसांचा सगळा राग मी चुकीच्या दारात ओतून आले होते असं नाही, त्या दारावर तो हक्काचाच होता. पण जो खरा घाव होता तो मला दिसलाच नव्हता. तो फक्त तिला माहीत होता आणि ती तो घेऊन साडीला फॉल लावत बसली होती. आदल्या दिवशी तिनं त्याला किती वेळा संधी दिली, ते मला आता कळलं. तिनं तीनदा विचारलं. तीनदा.

सुधाकर उभा राहिला. "सुहास, हे इथं… आपण बाहेर बोलू."

"बाहेर बोलायला तुला पंधरा दिवस होते."

"मी तुझ्याच भल्यासाठी गप्प—"

"मग गप्पच राहा," ती म्हणाली. तो खाली बसला. त्याची आई बायकांच्या बाजूनं त्याच्याकडं बघत होती आणि तो तिच्याकडं.

आणि तेवढ्यात, देवाशपथ सांगते, नलूमावशी उभी राहिली. दोन्ही हात वर, डोळे मिटून. आवाज खाली.

"हे प्रेमळ बापा, ह्या तुझ्या दुखावलेल्या लेकरासाठी आम्ही—"

आणि माणसांची सवय बघा. अख्ख्या चर्चनं माना खाली घातल्या. डोळे मिटले. पाळकसाहेबांनीसुद्धा. कुत्र्याला शीळ घालावी तसं. आता ती आमेन म्हणेपर्यंत कुणी बोलायचं नाही. आता सुहासनं जे सांगितलं ते सगळं तिच्या तोंडून परत निघणार, तिला हवं तसं.

"नले, डोळे उघड."

आई उठली होती. आमच्या मंडळीत प्रार्थना चालू असताना कुणी मध्ये बोललं, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. नलूमावशी जरा अडखळली. पण थांबली नाही. "…आम्ही विनंती करतो, की तिच्या मनातली कटुता—"

"डोळे उघड म्हणतेय ना! माझ्याशी बोल. मी इथं उभी आहे, हातभर अंतरावर. देवाला कशाला मध्ये घालतेस? तुला मी सांगितलं होतं. तू माझ्याकडं बघ आणि मला सांग, काय केलंस."

लोकांनी हळूहळू डोळे उघडले. एकटी नलूमावशी डोळे मिटून उभी. ओठ हलत होते, पण शब्द येत नव्हता. मिनिटभर तशीच उभी होती ती. शेवटी पाळकसाहेबच म्हणाले, "आमेन." ते तरी काय करतील! एवढं भरलेलं चर्च, पण मागून एकानंही आमेन म्हटलं नाही. नलूमावशी मटकन बसली. डोळे मिटलेलेच.

सुहास बाकातनं बाहेर पडली आणि मधल्या वाटेनं दाराकडं चालू लागली. मी तिच्या मागं उठले. आईचा हात धरला. "चल आई."

"तुम्ही व्हा पुढं."

"आई, ह्यांच्यात बसायचंय तुला? अजून?"

"मी ह्यांच्यासाठी कधी येत नव्हते," आई म्हणाली आणि बसली. पदर सारखा केला. मग पाळकसाहेबांना म्हणाली, "साहेब, उपासना अर्धी सोडू नका. पुढचं गाणं सांगा."

बाहेर उन्हानं डोळे दिपले. आम्ही दोघी चर्चच्या पायरीवर बसलो. सुहासचे दात वाजत होते, मे महिन्यात. मी तिला धरून बसले. मला त्या इमारतीला काडी लावावीशी वाटत होती, खरं सांगते. आतल्या एकेकाला झिंज्या धरून बाहेर ओढावंसं वाटत होतं. पहिल्यांदा त्या गणिताच्या मास्तराला.

आतनं पाळकसाहेबांचा पडलेला आवाज आला. गाण्याचा आकडा सांगितला. बाजाची पेटी वाजली नाही. कुणी खोकलं. मग एक आवाज निघाला, जाडाभरडा, पट्टी चुकलेला.

"आई गातेय," सुहास म्हणाली.

आम्ही कान देऊन बसलो. दुसरा आवाज आता मिसळेल, मग मिसळेल, असं वाटत होतं. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. आत शंभरावर माणसं होती आणि एकाचंही तोंड उघडलं नाही. एरवी काय उघडायची ती तोंडं!

तिसरं कडवंही आईनं एकटीनं म्हटलं आणि चौथं सुरू केलं.